वाचकांचे प्रश्न : अमेरिकेचे अध्यक्ष आणि सोलापुरातला अभ्यासक

गेल्या अंकात या सदरासाठी अमेरिकेच्या अध्यक्षपदाविषयी प्रश्न मागवले होते. सोलापूर शहरातून आणि बार्शी, मंगळवेढा, अक्कलकोट, पंढरपूर या भागांतून आलेली पत्रे वाचताना एक गोष्ट जाणवली, की बहुतेकांना हा विषय परीक्षेपुरता नको आहे. यंत्रमाग, ज्वारी, कापूस, रेशनचे धान्य अशा आपल्या रोजच्या व्यवहारातून ते या विषयाकडे आले आहेत. म्हणून मीही उत्तरे त्याच वाटेने दिली आहेत. काही प्रश्नांना ओळीदोन ओळी पुरल्या, तर काहींना पाने लागली, आणि जागेअभावी उरलेली पत्रे पुढच्या अंकासाठी ठेवली आहेत.

प्रश्न : मॅडम, स. न. वि. वि. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते आणि इतिहासात एम. ए. करते. वडील टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि नंतर रशियन तेलाच्या खरेदीचे कारण देऊन आणखी २५ टक्के शुल्क लावले, तेव्हा आमच्या घरी दुसरा विषय नव्हता. क्रमिक पुस्तकात मात्र कर आणि जकात बसवण्याचा अधिकार काँग्रेसचा, असे लिहिले आहे. मग हे एका सहीने कसे झाले?

उत्तर : तुमचे पुस्तक बरोबर आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात कर, जकात आणि परदेशी व्यापाराचे नियमन हे काँग्रेसचे, म्हणजे तिथल्या संसदेचे, अधिकार म्हणून नोंदवले आहेत, आणि जवळजवळ दीडशे वर्षे ते तिने स्वतःच वापरले. ते अध्यक्षाच्या टेबलावर कसे आले, हे समजून घेण्यासाठी १९३० पासून सुरुवात करावी लागते. त्या वर्षी काँग्रेसने स्मूट-हॉली नावाचा जकात कायदा केला. त्यात हजारो वस्तूंचे दर संसद सदस्यांनी स्वतः ठरवले, आणि प्रत्येकाने आपापल्या मतदारसंघातल्या मालाला संरक्षण मिळवून घेतले. एक हजाराहून अधिक अर्थतज्ज्ञांनी या विधेयकावर सही करू नये, अशी विनंती अध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांना केली होती, तरीही १७ जून १९३० रोजी त्यांनी सही केली. (ते दिवस आपल्या शहराच्या स्मरणात वेगळ्याच कारणाने कोरलेले आहेत, कारण मे आणि जून १९३० मध्ये सोलापूर मार्शल लॉखाली होते.) इतर देशांनीही उलट जकाती लावल्या, जगाचा व्यापार आधीच्या मंदीत आणखी आक्रसला, आणि दर ठरवण्याचे काम संसदेच्या सभागृहात नीट होत नाही, असे खुद्द संसदेतल्या पुष्कळांना वाटू लागले.

या अनुभवातून १९३४ चा परस्पर व्यापार करारांचा कायदा आला. फ्रँकलिन रूझवेल्ट अध्यक्ष होते आणि त्यांचे परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल हे खुल्या व्यापाराचे निष्ठावंत पुरस्कर्ते होते. या कायद्याने अध्यक्षांना परदेशांशी करार करून जकातीचे दर निम्म्यापर्यंत खाली-वर करण्याची मुभा दिली, आणि अशा करारांसाठी सिनेटच्या, म्हणजे काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहाच्या, वेगळ्या मंजुरीची अट ठेवली नाही. त्या काळी हा अधिकार जकाती उतरवण्यासाठी दिलेला होता, हे लक्षात ठेवा. पुढे त्यावर एकेक थर चढत गेला. १९६२ च्या कायद्याने राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणास्तव आयात रोखण्याची, तर १९७४ च्या कायद्याने दुसऱ्या देशाच्या अन्याय्य व्यापारपद्धतीला उत्तर म्हणून शुल्क लावण्याची तरतूद केली. आणीबाणीतील आर्थिक अधिकारांचा कायदा १९७७ मध्ये झाला. २०२५ मध्ये भारतावर लावलेल्या शुल्काला आधार दिला गेला तो या १९७७ च्या कायद्याचा. त्या कायद्यात आयातीचे ‘नियमन’ करता येईल असे म्हटले आहे, पण ‘जकात’ हा शब्द कुठेही नाही, आणि सगळा वाद नेमका तिथेच होता. मे २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने आणि ऑगस्टअखेरीस अपील न्यायालयाने सरकारच्या विरोधात निर्णय दिला, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेले.

अशा प्रसंगाची एक जुनी जोडी तुम्ही अवश्य अभ्यासावी. १५ ऑगस्ट १९७१ रोजी रिचर्ड निक्सन यांनी दूरचित्रवाणीवरून भाषण केले आणि त्या एकाच भाषणात डॉलरचे सोन्यात रूपांतर थांबवले, शुल्कपात्र आयातीवर १० टक्के अधिभार लावला आणि देशातल्या किमती व मजुरी ९० दिवसांसाठी गोठवली. यांतले परराष्ट्र धोरण कोणते आणि अंतर्गत धोरण कोणते, हे वेगळे काढायला बसलात तर हाती काही लागणार नाही. पुढच्या वर्षी निवडणूक होती, बेकारी आणि महागाई दोन्ही वाढलेल्या होत्या, आणि जपान व पश्चिम युरोपचा माल अमेरिकेच्या बाजारात भरला होता. अध्यक्षाचे घरचे आणि बाहेरचे धोरण एकाच वहीत मांडलेले असते, असे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आले आहे. म्हणून कोणताही निर्णय समोर आला, की दोन प्रश्न आधी विचारा : ही सही कोणत्या कायद्याच्या बळावर झाली, आणि देशातल्या कोणत्या गटाला ती हवी होती? वडिलांच्या कारखान्यावर आलेल्या संकटाचा उगम शोधताना या दोन प्रश्नांनी तुम्हाला ९५ वर्षे मागे नेले, तर ते अभ्यासाच्या दृष्टीने योग्यच आहे.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. एका पुस्तकात डोनाल्ड ट्रम्प ४७ वे अध्यक्ष आहेत असे आहे, तर दुसऱ्यात आजवर ४५ व्यक्ती अध्यक्ष झाल्या असे आहे. बरोबर काय? आणि सर्व अध्यक्षांची नावे क्रमाने पाठ करावीत का?

उत्तर : दोन्ही बरोबर आहे. ग्रोव्हर क्लीव्हलंड आणि डोनाल्ड ट्रम्प हे दोघे मध्ये एका कार्यकाळाचा खंड पडून पुन्हा निवडून आले. त्यामुळे क्लीव्हलंड २२ वे आणि २४ वे, तर ट्रम्प ४५ वे आणि ४७ वे मोजले जातात. नावांची यादी पाठ करण्यात वेळ घालवू नका. प्रत्येक अध्यक्षाच्या काळात काँग्रेसची दोन्ही सभागृहे कोणत्या पक्षाकडे होती, एवढे टिपून ठेवा. त्या एका रकान्यावरून निम्मे धोरण समजते.

प्रश्न : आदरणीय मॅडम, मी बार्शीचा निवृत्त शिक्षक आहे. माझे आजोबा कापसाच्या ‘सोन्याच्या दिवसां’विषयी त्यांच्या वडिलांकडून ऐकलेल्या गोष्टी सांगत. अमेरिकेतल्या लढाईमुळे आपल्याकडे कापसाला भाव आला होता, असे ते म्हणत. अब्राहम लिंकन यांच्या धोरणाचा भाग म्हणून याचा अभ्यास करता येईल का?

उत्तर : येईल, आणि आपल्यासारख्यांनी तो करायलाच हवा. लिंकन यांच्यावर लिहिताना बहुतेक लेखक गुलामगिरी आणि यादवी युद्ध एवढ्यावर थांबतात, पण त्यांच्या एका आदेशाचे पडसाद दख्खनच्या काळ्या मातीपर्यंत पोहोचले होते.

१९ एप्रिल १८६१ रोजी लिंकन यांनी बंडखोर दक्षिणी राज्यांच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. यात एक कायदेशीर पेच होता. लिंकन यांच्या मते दक्षिणेतील राज्ये हा वेगळा देश नव्हताच, तो घरातलाच बंडावा होता, आणि आंतरराष्ट्रीय कायद्यात नाकेबंदी ही मात्र दोन युद्धमान पक्षांमधील गोष्ट समजली जाते. ब्रिटनने हाच धागा पकडून मे १८६१ मध्ये तटस्थता जाहीर केली, आणि त्यामुळे दक्षिणेला युद्धमान पक्षाचा दर्जा आपोआप मिळाला. परराष्ट्रमंत्री विल्यम सीवर्ड यांच्यापुढे पुढची दोन वर्षे एकच काम राहिले : ब्रिटन आणि फ्रान्सने दक्षिणेला राष्ट्र म्हणून मान्यता देऊ नये. लँकेशायरच्या गिरण्या अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कापसावर चालत होत्या, आणि कापूस थांबला की ब्रिटन आपल्या बाजूने हस्तक्षेप करील, असा दक्षिणेच्या नेत्यांचा हिशेब होता.

हा हिशेब चुकण्यामागे दोन मोठी कारणे होती. एक म्हणजे १ जानेवारी १८६३ रोजी अमलात आलेली गुलाममुक्तीची घोषणा. देशांतर्गत युद्धनीतीचा भाग म्हणून काढलेल्या या घोषणेनंतर गुलामगिरी टिकवण्यासाठी लढणाऱ्या बाजूला उघड पाठिंबा देणे ब्रिटिश सरकारला अवघड झाले. गिरण्या बंद पडल्याने उपासमार सोसणाऱ्या मँचेस्टरच्या कामगारांनी लिंकन यांना पाठिंब्याचे पत्र पाठवले, आणि त्याच महिन्यात लिंकन यांनी त्यांना उत्तर लिहिले. ज्या शहराने गिरणीचा भोंगा बंद झाल्यावर घराघरांत काय होते हे पाहिले आहे, त्या सोलापूरच्या वाचकाला या पत्रव्यवहाराचे मोल वेगळे सांगायला नको.

दुसरे कारण हिंदुस्थानचा कापूस. अमेरिकी कापसाचा तुटवडा भरून काढण्यासाठी मुंबई बंदरातून निर्यात वाढली आणि भाव कल्पनेपलीकडे चढले. पुण्याहून निघालेला लोहमार्ग १८६० च्या सुमारास सोलापूरपर्यंत आलेला होता, त्यामुळे आपल्या भागातला माल मुंबईला नेणे पूर्वीच्या बैलतांड्यांपेक्षा सोपे झाले होते. मुंबईत शेअरांचा सट्टा भडकला, आणि एप्रिल १८६५ मध्ये यादवी युद्ध संपल्याची बातमी येताच तो कोसळला. शेतकऱ्याला चढत्या भावावर मोकळ्या हाताने कर्ज मिळाले होते. भाव उतरले तरी कर्ज तसेच राहिले.

इथे मात्र आपण इतिहासाचे विद्यार्थी म्हणून जपून लिहिले पाहिजे. १८७५ मध्ये सुपे येथून सुरू झालेला आणि पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेला सावकारांविरुद्धचा उठाव हा थेट या कापसाच्या तेजी-मंदीचा परिणाम होता, असे एका वाक्यात म्हणणे धाडसाचे ठरेल, कारण त्याच सुमारास झालेली शेतसाऱ्याची वाढ आणि सावकारी दाव्यांमधला एकतर्फी न्याय यांचाही वाटा मोठा होता. पण कारणांच्या साखळीत तेजी-मंदीला जागा आहे. त्या उठावानंतर शेतकऱ्यांना दिलासा म्हणून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा झाला, आणि तो ज्या चार जिल्ह्यांना लागू झाला त्यांत पुणे, सातारा, अहमदनगर यांच्याबरोबर सोलापूरही होते. आजोबांच्या गोष्टी जशाच्या तशा लिहून काढा, असा माझा आग्रह आहे. घरात जुनी गहाणखते किंवा सावकाराच्या वह्या असतील, तर त्यांच्या तारखा १८६१ ते १८७९ या चौकटीत लावून पाहा.

प्रश्न : मी अक्कलकोटची असून सध्या कायद्याचे शिक्षण घेते. एका अध्यक्षाने केलेला आंतरराष्ट्रीय करार दुसरा अध्यक्ष मोडतो, तिसरा पुन्हा जोडतो. एवढ्या मोठ्या देशाचा शब्द असा कसा?

उत्तर : कारण त्या शब्दाचे दोन प्रकार आहेत. राज्यघटनेप्रमाणे अध्यक्षाने केलेल्या तहाला सिनेटच्या उपस्थित सदस्यांपैकी दोन तृतीयांशांची संमती लागते, आणि ही अट किती कठीण आहे ते वुड्रो विल्सन यांना विचारावे. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाची कल्पना त्यांनी स्वतः पॅरिसमध्ये रेटली, पण काही दुरुस्त्या मान्य करून सिनेटमधल्या विरोधकांशी जुळवून घेण्याची त्यांची तयारी नव्हती. मार्च १९२० मधील अखेरच्या मतदानात ४९ विरुद्ध ३५ अशी मते पडली. बहुमत तहाच्या बाजूने होते, परंतु दोन तृतीयांशांना सात मते कमी पडली, आणि ज्या देशाच्या अध्यक्षाने राष्ट्रसंघ घडवला, तोच देश त्याचा सदस्य झाला नाही. विल्सन यांच्याविषयी मला आदर आहे, तरीही हा पराभव बऱ्याच अंशी त्यांनी स्वतः ओढवून घेतला, असे माझे मत आहे.

तेव्हापासून अध्यक्षांनी सिनेटची ही पायरी टाळण्याकडे अधिकाधिक कल दाखवला. केवळ अध्यक्षाच्या अधिकारात केलेल्या अशा कराराला कार्यकारी करार म्हणतात. २०१५ चा इराणचा अणुकरार सिनेटपुढे तह म्हणून आलाच नाही, म्हणून मे २०१८ मध्ये ट्रम्प यांना त्यातून एका घोषणेने बाहेर पडता आले. हवामानाच्या पॅरिस करारात ओबामांनी देशाला नेले, ट्रम्प यांनी बाहेर काढले, २०२१ मध्ये बायडेन यांनी पुन्हा आत नेले आणि जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश काढला. याउलट भारत-अमेरिका नागरी अणुकराराकडे पाहा. जुलै २००५ मध्ये मनमोहन सिंग आणि जॉर्ज बुश यांचे संयुक्त निवेदन निघाले, डिसेंबर २००६ मध्ये काँग्रेसने त्यासाठी हाइड कायदा केला, आणि ऑक्टोबर २००८ मध्ये काँग्रेसच्या मंजुरीनंतर करार पूर्ण झाला. तीन वर्षे लागली, पण पुढच्या कोणत्याही अध्यक्षाने त्याला हात लावला नाही. कायद्याच्या विद्यार्थिनीने करार वाचताना त्यातला मजकूर नंतर पाहावा आणि तो कोणत्या मार्गाने मंजूर झाला हे आधी पाहावे.

प्रश्न : ताई, मी मंगळवेढ्याचा शेतकरी आहे, वय सत्तरीच्या पुढे. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिळालेली तांबडी मिलो आम्ही खाल्ली. मालदांडीच्या गावात अमेरिकेची ज्वारी खायची वेळ आली, याची खंत आजही आहे. अमेरिकेच्या अध्यक्षांनी तेव्हा आपल्यावर उपकार केले की आपली अडवणूक केली?

उत्तर : दादा, ती मिलो मीही लहानपणी खाल्ली आहे. तिची भाकरी तव्यावर टाकण्याआधीच तुटायची, आणि आई पिठात पुन्हा पुन्हा गरम पाणी घालून बघायची, हे मला स्पष्ट आठवते. तुमच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर १९७२ आणि त्याआधीची दहा वर्षे वेगळी मांडावी लागतील.

‘पीएल ४८०’ या नावाने आपल्या पिढीला माहीत असलेला कायदा जुलै १९५४ मध्ये आयझेनहॉवर यांच्या सहीने झाला. त्याचे मूळ अमेरिकेच्या घरच्या अडचणीत होते. सरकार शेतकऱ्याला हमीभाव देत होते, त्यामुळे गव्हाची कोठारे भरून वाहत होती, आणि ते धान्य बाजारात आणावे तर भाव पडणार होते. परदेशांना ते त्यांच्याच चलनात विकले, तर कोठार रिकामे होते, मित्रदेश मिळतात आणि शेतकरी मतदारही राजी राहतो. भारताने रुपयांत पैसे भरले आणि ते रुपये अमेरिकेच्या खात्यात भारतातच साठत गेले. मे १९६० मध्ये चार वर्षांसाठी सुमारे १ कोटी ७० लाख टन धान्याचा मोठा करार झाला. आपल्याला त्यामुळे शहरांत स्वस्त गहू मिळाला, पण आपल्याच शेतीकडे दुर्लक्ष करण्याची सवयही सरकारला लागली, हे कबूल केले पाहिजे.

तुम्ही जिला अडवणूक म्हणता, ती लिंडन जॉन्सन यांच्या काळातली. १९६५ आणि १९६६ अशी सलग दोन वर्षे पावसाने ओढ दिली. त्याच वेळी जॉन्सन यांनी दीर्घ मुदतीचा करार थांबवून धान्य थोडे थोडे, महिन्या-दोन महिन्यांच्या हिशेबाने सोडायला सुरुवात केली. बंदरात पुढचे जहाज कधी लागेल, याची दिल्लीत रोज चिंता असे. त्यांच्या मनात एकाहून अधिक हेतू होते. भारताने शेतीवर अधिक खर्च करावा, ही त्यांची अट होती, आणि नोव्हेंबर १९६५ मध्ये रोम येथे अन्नमंत्री सी. सुब्रमण्यम आणि अमेरिकेचे कृषिमंत्री ऑर्व्हिल फ्रीमन यांच्यात तसा समझोता झाला. व्हिएतनाममधील बॉम्बहल्ल्यांवर भारत टीका करीत असल्याचा राग होता, हेही तितकेच खरे. शिवाय अमेरिकेची कोठारे आता पूर्वीसारखी भरलेली राहिली नव्हती आणि परदेशी मदतीविषयी काँग्रेस नाराज होती. म्हणून मार्च १९६६ मध्ये इंदिरा गांधींची वॉशिंग्टन भेट झाल्यावर जॉन्सन यांनी भारताच्या धान्यासाठी काँग्रेसला खास संदेश पाठवला आणि तिच्याकडून पाठिंब्याचा ठराव करून घेतला. त्या एका वर्षात भारताची धान्याची आयात एक कोटी टनांच्या घरात गेली, आणि त्यातला बहुतांश वाटा अमेरिकेचा होता.

हेच जॉन्सन घरी काय करत होते, तेही शेजारी ठेवून पाहा. १९६४ चा नागरी हक्क कायदा, १९६५ चा मतदान हक्क कायदा आणि वृद्धांसाठी मेडिकेअर ही त्यांची कामे. ऑक्टोबर १९६५ मध्ये त्यांनी सही केलेल्या स्थलांतर कायद्याने देशनिहाय जुनी मर्यादा काढली, आणि त्या दारातून पुढे आपल्याकडचे कितीतरी डॉक्टर व अभियंते तिकडे गेले. एकाच माणसाने काळ्या नागरिकांना मताचा हक्क मिळवून दिला, व्हिएतनाममध्ये लाखो सैनिक पाठवले, आणि भुकेल्या देशाचे धान्य हातात धरून ठेवले. उपकार किंवा अडवणूक यांपैकी एकच शब्द निवडा असे मला कोणी म्हटले, तर मी निवडणार नाही. त्या धान्याने माणसे जगली, आणि ते ज्या रीतीने दिले गेले तो अपमान होता. दोन्ही गोष्टी नोंदवायला हव्यात.

१९७२ ची गोष्ट मात्र निराळी. सवलतीची ही आयात १९७१ अखेरीस थांबली होती, आणि बांगलादेश युद्धामुळे निक्सन सरकारशी संबंध तळाला गेले होते. दुष्काळ पडल्यावर भारताने परदेशी बाजारातून, मुख्यतः अमेरिकेतून, धान्य रोख विकत घेतले. म्हणजे त्या वर्षीची मिलो आपण दाम मोजून आणलेली होती. साठून राहिलेल्या रुपयांचा हिशेबही पुढे मिटला. फेब्रुवारी १९७४ मध्ये अमेरिकेने १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश देऊन त्या रकमेवरचा हक्क सोडला.

प्रश्न : मॅडम, मी पंढरपूरचा असून सोलापुरात एम. ए. राज्यशास्त्राला आहे. ‘अमेरिकेच्या अध्यक्षांची अंतर्गत आणि परराष्ट्र धोरणे : १९४५ ते आजपर्यंत’ या विषयावर प्रबंधिका लिहिणार आहे. मराठीत साहित्य थोडे आहे. कुठून सुरुवात करू?

उत्तर : आधी विषय बदला. तुम्ही लिहिलेल्या शीर्षकाखाली एक माणूस आयुष्यभर काम करील आणि तरी ते पुरे होणार नाही. प्रबंधिकेला एक निर्णय, दोन किंवा तीन अध्यक्ष आणि वीस वर्षे एवढी चौकट पुरेशी आहे. मी तुम्हाला तारापूरच्या इंधनाचा विषय सुचवते, कारण तो महाराष्ट्राच्या भूमीवरचा आहे आणि त्यात अध्यक्ष, काँग्रेस, नियामक आयोग आणि परराष्ट्र संबंध असे सगळे एकत्र दिसतात.

कथासूत्र थोडक्यात असे. केनेडी यांच्या काळात, ऑगस्ट १९६३ मध्ये, तारापूर अणुवीज केंद्राला अमेरिका दीर्घकाळ समृद्ध युरेनियम पुरवील, असा करार झाला, आणि १९६९ मध्ये केंद्र सुरू झाले. मे १९७४ मध्ये भारताने पोखरणला अणुस्फोट केला. मार्च १९७८ मध्ये जिमी कार्टर यांनी सही केलेल्या अण्वस्त्रप्रसारबंदीच्या कायद्याने अशी अट घातली, की ज्या देशाचे सर्व अणुप्रकल्प तपासणीसाठी खुले नाहीत, त्याला इंधन द्यायचे नाही. भारताने ही अट नाकारली. इंधनाची मागणी आली तेव्हा तिथल्या अणुनियामक आयोगाने १९८० मध्ये परवाना नाकारला. ज्या कार्टर यांनी तो कायदा केला, त्यांनीच जून १९८० मध्ये विशेष आदेश काढून ३८ टन इंधन पाठवायला संमती दिली, कारण डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्यावर भारताला दुखावणे त्यांना परवडणारे नव्हते. हा आदेश रोखायला दोन्ही सभागृहांचा विरोध लागणार होता. प्रतिनिधिगृहाने मोठ्या बहुमताने विरोध केला, आणि सप्टेंबरमध्ये सिनेटने ४८ विरुद्ध ४६ मतांनी अध्यक्षांची बाजू उचलून धरली. दोन मतांवर इंधन सुटले. पुढे जुलै १९८२ मध्ये इंदिरा गांधी आणि रेगन यांच्या भेटीत फ्रान्सने इंधन द्यावे, अशी वाट निघाली.

साधनांची तुम्हाला वाटते तेवढी अडचण नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची जुनी कागदपत्रे खंडांच्या रूपात १८६१ पासून, म्हणजे लिंकन यांच्या काळापासून, छापली जात आहेत आणि ती संगणकावर विनामूल्य वाचता येतात. १९७१ च्या दक्षिण आशियातील संकटावर त्यात स्वतंत्र खंड आहे, आणि ढाक्यातील अमेरिकी वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी स्वतःच्या सरकारविरुद्ध पाठवलेली निषेधाची तार मूळ स्वरूपात वाचता येते. अध्यक्षांची भाषणे आणि आदेश कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा केंद्राने एकत्र ठेवले आहेत. हूव्हरपासून पुढच्या अध्यक्षांची कागदपत्रे ज्याच्या त्याच्या नावाच्या ग्रंथालयात असतात. लोकसभेतील चर्चांचे वृत्तान्तही उपलब्ध आहेत, आणि ते वाचल्याखेरीज ही प्रबंधिका एकाच बाजूची होईल. त्या वेळच्या मराठी दैनिकांचे जुने अंक शहरातल्या ग्रंथालयांत चाळा. तारापूरवर मराठी माणूस तेव्हा काय बोलत होता, ही नोंद वॉशिंग्टनच्या कोणत्याही कागदात मिळणार नाही.

इंग्रजी कागद वाचताना तीन पारिभाषिक शब्दांशी गल्लत होऊ देऊ नका : परवाना, आदेश आणि कायदा. तारापूरच्या प्रकरणात परवाना आयोगाच्या हातात होता, आदेश अध्यक्षांचा होता आणि कायदा काँग्रेसचा होता, आणि तिघांची तोंडे तीन दिशांना होती. सुरुवात सिनेटच्या सप्टेंबर १९८० मधल्या वादविवादापासून करा. तिथे विरोधाचे नेतृत्व करणारे जॉन ग्लेन हे ओहायोचे सिनेटर आणि माजी अंतराळवीर. मे १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर क्लिंटन यांना भारतावर जे निर्बंध लावणे भाग पडले, त्यामागच्या तरतुदीलाही त्यांचेच नाव आहे. त्यांची भाषणे आणि कार्टर यांचा काँग्रेसला पाठवलेला संदेश समोरासमोर ठेवून आठ-दहा पानांचे टिपण मराठीत तयार करा आणि या सदराच्या पत्त्यावर पाठवा. मी ते शब्द न् शब्द वाचेन.